माळावर थांबलेली मोटार

"अक्का, अप्पा लिंगैक्य झाले," बेंबळीहून त्यांचा थोरला मुलगा फोनवर एवढंच म्हणाला. फोन आमच्या शेजाऱ्यांकडे. त्यांच्या पडवीत उभ्या उभ्याच मी ऐकलं. त्रास झाला का, एवढंच विचारायला सुचलं. "न्हाय, बसल्या जागी गेले," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर शेजारीणबाईंनी विचारलं, नात्यातले का? मी हो म्हणाले. खरं तर नातं काहीच नव्हतं. शिवलिंगप्पा हे एका भाड्याच्या मोटारीचे मालक, ती स्वतःच चालवणारे, आणि आमची ओळख झाली ती मोटार भाड्यानं घेण्यापुरती. गेल्या काही आठवड्यांत भेटायला आलेल्यांपैकी कुणालाच मला अप्पा कोण होते ते धड सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझे यजमान सोलापुरात शाळामास्तर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, लग्नानंतर मीही तेच म्हणू लागले. त्यांना पाखरं बघायचं वेड होतं. सुट्टी लागली की गळ्यात दुर्बीण आणि पायात जाड वहाणा. महायुद्धाच्या दिवसांत, एका दिवाळीच्या सुट्टीत, माळढोक बघायचाच असं ठरवून ते मला घेऊन निजामाच्या मुलखात निघाले. बार्शीहून छोट्या गाडीनं आम्ही येडशीला उतरलो. स्टेशनाबाहेर एकच मोटार उभी होती. कापडी टपाची, उंच चाकांची, आणि पेट्रोल मिळत नसल्यामुळं मागच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवलेली. त्या भट्टीच्या धुरावर ती चाले. तिच्या बॉनेटवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत असलेला पंचविशीतला माणूस म्हणजे अप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज चढा. मास्तरांनी सांगितलं, आम्हाला सडकेनं जायचं नाही, माळानं जायचंय. अप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माळानं? मग बैलगाडी का घेत न्हाय?" मास्तर म्हणाले, माणूस चालत आला किंवा गाडीबैल आले की माळढोक लांबूनच निघून जातो, मोटारीला मात्र तो फारसा भीत नाही असं ऐकलंय. "म्हंजे एका पाखरासाठी माझ्या मोटारीचे स्प्रिंगचे पाटे मोडायचे!" अप्पा म्हणाले. तरी तयार झाले. अटी त्यांच्या होत्या. ओढा आला की आम्ही उतरून चालायचं, वाटेतले धोंडे मास्तरांनी बाजूला करायचे, आणि दार लावताना आपटायचं नाही. माझं माहेर अक्कलकोटकडचं. तिसऱ्या ओढ्याला उतरताना मी वैतागून स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटले, ते अप्पांनी ऐकलं. त्यांच्या घरीही कानडी. मागं वळून ते पहिल्यांदा हसले आणि तेव्हापासून मी त्यांची अक्का झाले, वयानं त्यांच्यापेक्षा लहान असूनही.

त्या खेपेला माळढोक दिसला नाही. पण सुट्टी छान गेली. चंडोल, धाविक, कुसळांवरून तरंगत जाणारे भोवत्ये ससाणे... मास्तर दुर्बीण अप्पांच्या हातात देत आणि अप्पा ती मोटारीच्या चाकांवर रोखून टायरची चीर बघत. मोटारीवर त्यांचा जीव होता. चढावर ती दमली की ते तिच्याशी बोलत, "चल गं बाई, एवढाच टेक," म्हणून. बेंबळीला त्यांच्या घरी आम्ही मुक्काम केला. त्यांच्या बायकोनं, गंगूबाईनं, हुरड्याच्या वेळेला परत या म्हणून बजावलं.

आम्ही परत गेलो ते तीनेक हिवाळ्यांनंतर. एव्हाना इंग्रज गेले होते, सोलापुरात झेंडे लागले होते, आणि सरहद्दीपलीकडं निजामाचा अंमल मात्र तसाच होता. तिकडून रोज काहीबाही ऐकू येई. गावं उठून बार्शीकडं येत होती. सासूबाई म्हणाल्या, "पाखरं काय सोलापुरात नाहीत?" पण मास्तरांनी ऐकलं नाही. पुढच्या साली जाता येईल की नाही कुणास ठाऊक, म्हणाले. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर आमची ट्रंक पार तळापर्यंत उपसली गेली. येडशीला अप्पा होते, पण बॉनेट धुळीनं माखलेलं होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "यायला नको व्हतं, मास्तर," ते हळूच म्हणाले. मग त्यांनीच दार उघडलं. "आता आलाच हाय तर बसा. पर माझ्या सांगण्याभाईर जायचं न्हाय."

पहिले दोन दिवस आम्ही त्यांच्या घराच्या आसपासच फिरलो. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी माळावर गेलो. वाटेत टेकडीच्या कुशीत दहा-बारा घरांची एक वाडी होती. तिथं रखमाबाई नावाच्या बाईनं आम्हाला थांबवून गरम भाकरी आणि ठेचा दिला. तिचं तान्हं मूल मी मांडीवर घेतलं होतं. पुरुषमाणसं मात्र आमच्याकडं नीट बघत नव्हती, आणि एका घराचं दार आम्ही असेतो बंदच होतं. अप्पा म्हणाले, "चला, लौकर चला." आणि मग तासाभरानं, पिवळ्या गवतात, माळढोक दिसला. एक मोठा नर, मान ताठ, एखाद्या गावच्या पाटलानं आपल्या रानातून चालावं तसा चालत होता. अप्पांनी मोटार थांबवली. मास्तरांचे डोळे भरून आले होते. अप्पांनी प्रथमच आपणहून दुर्बीण मागितली, आणि बराच वेळ परत दिली नाही.

परत येताना ओढ्यावर ते भेटले. पाच-सहा जण, खांद्यावर बंदुका, दोघांच्या हातात बरच्या. अंगावर गणवेश म्हणावा असा नव्हता, पण ते रझाकार आहेत हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही नेहमीप्रमाणं ओढा चालत ओलांडायला उतरलो होतो. मागून अप्पा मोटार घेऊन वर आले आणि त्यांच्यातल्या म्होरक्यानं हात आडवा केला. आधी मास्तरांची दुर्बीण त्यानं काढून घेतली. "इससे क्या देखते?"

"पाखरं," मास्तर म्हणाले.

तो हसला नाही. "सोलापूर से आये, पाखरां देखने कू!" दुर्बीण त्यानं स्वतःच्या गळ्यात घातली. मास्तरांना गुडघ्यावर बसवलं, खिसे तपासले. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मग त्यानं मोटारीवर थाप मारली आणि अप्पांना म्हणाला, गाडी आम्हाला हवी, तूच चालव, टेकडीमागच्या वाडीला न्यायचं. त्यांच्यातला एक जण आमच्याच भागातला असावा. तो मराठीत म्हणाला, "सरहद्दीपल्याडची माणसं लपवलीत तितं. दिस मावळायच्या आत वाडी पेटवायची हाय." जेवायला जायचंय म्हणावं, अशा सुरात. मांडीवरच्या त्या तान्ह्याचं ओझं मला अजून जाणवत होतं...

"भट्टी थंड झालीया, हँडल मारावं लागंल," अप्पा म्हणाले आणि मोटारीच्या पुढं जाऊन उकिडवे बसले. हँडल लावताना त्यांचा डावा हात खाली, रेडिएटरच्या तळाशी गेला. मी बाजूलाच उभी होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी तिथली तोटी फिरवली. पाण्याची बारीक धार मुरमावर पडू लागली. ते सावकाश हँडल फिरवत राहिले, शिव्या घालत राहिले, पुन्हा फिरवत राहिले. पाणी मुरमात जिरत होतं, तरी पुढच्या चाकाकडं एक ओघळ निघालाच. हँडल मारता मारता, शिव्यांच्याच सुरात, मान वर न करता ते माझ्याशी कानडीत बोलले. "अक्का, हिचं पाणी गेलं. टेकडीला वळसा पुरा व्हायच्या आत इंजिन तापून ही मरतीय. तुमी पायवाटेनं वाडीवर जावा. सगळ्यास्नी भाईर काढा."

"क्या बोल्या बे?" म्होरक्या एकदम पुढं आला.

मी मध्येच म्हणाले, "आम्हाला इथंच सोडणार का, विचारतोय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. "और ये पानी?"

"गाडी जुनी आहे," मी म्हणाले. "आल्यापासून गळतेय. प्रत्येक ओढ्याला आम्हाला उतरवतो तो त्यासाठीच." खोटं बोलायची मला सवय नव्हती. तो ओघळाकडं बघत राहिला. मास्तर गुडघ्यावर बसून माझ्याकडं बघत होते. त्यांना कानडी येत नव्हती, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात इंजिन धडधडलं. म्होरक्या वळला. चौघं आत कोंबून बसले, बाकीचे पायरीवर लटकले. जाताना एकानं मास्तरांना लाथ घातली आणि म्हणाला, शिकारी, घर जा. अप्पांनी आमच्याकडं पाहिलंही नाही. दार मात्र त्यांनी नेहमीसारखं हलकेच लावलं.

धूळ खाली बसायच्या आत आम्ही धावत सुटलो. मोटारीची वाट टेकडीला लांबचा वळसा घालून जाते, पायवाट सरळ खिंडीतून. मास्तरांना मी धावता धावताच सांगितलं. काट्यांनी लुगडं फाटलं, वहाण कुठं गेली कळलं नाही. दर थोड्या वेळानं आम्ही थांबून कानोसा घ्यायचो. इंजिनाची घरघर कधी जवळ वाटे, कधी लांब. चढाच्या वर पोचलो तेव्हा ती अगदी जवळ आली. मास्तर म्हणाले, ते आपल्या आधी पोचणार. आणि मग टेकडीपलीकडून एक आवाज आला. लोखंडाचा, लांबलचक, कर्कश्श... आणि एकदम सगळं शांत. पाठोपाठ बंदुकीचा बार ऐकू आला. एकच.

वाडीत रखमाबाईला मी काय सांगितलं, मला आठवत नाही. तिनं मूल पाठीला बांधलं, शेळ्यांची दावी कापली. बंद दाराआडून दोन अनोळखी माणसं निघाली आणि रानात नाहीशी झाली. ती कोण होती, हे आम्ही विचारलं नाही. अंधार पडायच्या आत वाडी रिकामी झाली होती. ते लोक दुसऱ्या दिवशी पायी आले, घरं जाळून गेले. घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

आम्ही आडरानातून बेंबळी गाठली. गंगूबाई दारातच उभी होती. आमच्या पाठीमागं रस्त्यावर बघत म्हणाली, "आन् हे कुठायत?" मास्तरांनी सगळं सांगितलं, बंदुकीच्या बाराचं सोडून. ते मी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, "तुमाला पाखरं बघायची व्हती..." त्या घरात आम्ही पुढचे दिवस कसे काढले ते लिहीत नाही. ती आम्हाला वेळेवर जेवायला वाढायची, आणि मास्तरांना घास गिळवत नसे.

मग एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. पलीकडच्या गावचे इमामभाई तांबोळी, कडब्याखाली अप्पांना झाकून घेऊन आले होते. माळावर पडलेले अप्पा त्यांना सापडले, त्यांनी घरी नेऊन शेकलं, हळद भरली, आणि वाटा जरा निवळल्यावर आणून पोचवलं. बार हवेतच झाला होता. पण बंदुकीच्या दस्त्यानं अप्पांना इतकं मारलं होतं की अर्धा चेहरा ओळखू येत नव्हता. गंगूबाई पुढं झाली. अप्पांनी तिचा हात धरला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "वाडी?"

"सगळे निघाले, अप्पा," मी म्हणाले. "सगळे."

त्यांनी डोळे मिटले. बरं वाटलं असेल असं मला वाटलं, तर ते हुंदके देऊन रडू लागले. "वरडली हो माझी मोटार, अक्का. जनावर वरडावं तशी वरडली. म्या पाय काढला न्हाय... पाय दाबूनच धरला."

निजामाचा अंमल सरल्यावर मोटारीचा सांगाडा बैल लावून गावात आणला, पण ती पुन्हा चालू झाली नाही आणि अप्पांनी पुन्हा कुठलीही मोटार चालवली नाही. बी-बियाणांचं दुकान टाकलं, संसार नीट केला. डावा कान त्या मारानं कायमचा गेला. कुणी विचारलं तर सांगत, लहानपणी पाणी गेलं कानात. मास्तरांनी एकदा सोलापुरात चार लोकांसमोर ही हकिकत सांगायला घेतली, तर अप्पा उठून बाहेर जाऊन बसले. नंतर मला म्हणाले, "अक्का, मास्तरांना सांगा. माणसं वाचली ती वाचली. मोटार मारली ती मारली. त्यात भाषण काय करायचंय?" मास्तर गेले तेव्हा ते बेंबळीहून आले, तेराव्यापर्यंत राहिले, आणि माझ्यासाठी रोज पाणी भरत होते.

फोन आल्यावर आठवड्याभरानं मी बेंबळीला गेले. एसटीतून उतरून चालत घरी पोचले तर सोप्यात माणसंच माणसं. गंगूबाई, मुलं, सुना, नातवंडं. अप्पा ज्या बाजेवर बसायचे ती भिंतीशी तशीच होती, वर घडी केलेलं धोतर. सगळी माणसं बाजेच्या एका अंगाला दाटीवाटीनं बसली होती, मुलं एकमेकांच्या मांडीवर. दुसऱ्या अंगाला अख्खी सतरंजी मोकळी होती. मी दमले होते, मला वाटलं बरी जागा आहे, आणि मी तिथं टेकले. थोरली सून लगबगीनं उठली, आपल्या पोराला सरकवून तिनं माझ्यासाठी जागा केली.

"तिकडं नका बसू, अक्का," ती म्हणाली. "त्या अंगानं त्यांना ऐकू येत न्हाय."

मी उठले, आणि तिच्याजवळ जाऊन बसले.