कोपऱ्यातल्या खोलीची कॉट

लातुरात क्लासेसची भरभराट झाली तशा आम्हीही मागच्या अंगणात चार खोल्या काढल्या. परीक्षा संपली की मुलं जात आणि कॉट, टेबलं, कूलर, बादल्या मागं राहत. सामान गावी न्यायला गाडीभाडंच जास्त पडतं, हे गणित मात्र सगळ्यांना जमायचं.

या मुलांना डबा देणाऱ्या मावशी भूकंपात घर गेल्यावर शहरात आलेल्या. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. नांदेडच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं. पैसे नव्हते, आणि माझ्याकडून नुसते घ्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून रविवारी अंगणात त्या सामानाची विक्री मांडली.

"मी बी बसणार," मावशींनी बजावलं. "फुकटचं न्हाई."

शेजारच्या क्लासच्या सरांनी फीत, माइक आणि शाल असा कार्यक्रम सुचवला. मी म्हटलं, त्याऐवजी विकायला एखादी वस्तू द्या. त्यांनी स्वतःच्या सत्काराचा फ्रेम केलेला फोटो पाठवला, तीन फूट उंच.

नव्या मुलांचे पालक आले, पण किंमत कोणी विचारेना.

"हे टेबल कोणाचं? किती मार्क पडले त्याला?"

मला माहीत नव्हतं. बारापर्यंत दोन बादल्या तेवढ्या गेल्या. बादलीला कोणी मार्क विचारत नाही.

"अहो, टेबलाला चिठ्ठी चिकटवून 'एमबीबीएस' लिहा की," बायको कानाशी लागली. "कोण बघायला जातंय?"

सोमवार तोंडावर होता. खरं सांगतो, मी पेन उघडलं होतं.

तेवढ्यात निलंग्याहून मुलीला घेऊन आलेल्या एका बाईंनी कॉटवर हात ठेवला. "ह्यावरचा पोरगा मेडिकलला लागला का?"

मावशींनी कॉटची पट्टी चाचपली. "ही कोपऱ्यातल्या खोलीतली. न्हाई लागला. दोनदा बसला, दोनदा हुकलं. पण झोपायचा असा, की डबा वाजवून उठवावं लागायचं. चार भाकरी खायचा. आता अर्धापुरात केळीचा व्यापार करतोय."

कॉट आपल्याच गळ्यात राहिली, असं मी धरून चाललो.

बाईंनी मुलीकडं पाहिलं. "हिला झोपच येत न्हाई बघा. हीच द्या."

मग बाकीचे पालक मावशींभोवती जमले.

"मावशी, ह्या टेबलावरचा कसा होता?"

"रडका. पण भाजीची वाटी चाटूनपुसून ठेवायचा."

टेबल गेलं.

"आन् कूलर?"

"आवाज लई करतो. त्याच्या आवाजात पोरगं गाणी म्हणायचं, कुणाला कळू नये म्हणून. मला कळायचं."

कूलरसाठी दोघांत बोली लागली. चारपर्यंत अंगण मोकळं झालं. सरांचा फोटोसुद्धा मुरुडच्या एका गृहस्थांनी घेतला. "काच झकास आहे," ते म्हणाले. "आतलं काढता येतं ना?"

ऑपरेशनचा खर्च निघून वर चष्म्याचीही सोय झाली.

मंगळवारी नांदेडला पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरली. "तीन," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं निरखून पाहू लागल्या.

"मालक, शर्टाच्या गुंड्या वरखाली लावल्यात तुम्ही."

खरंच लावल्या होत्या. मी त्या तशाच ठेवल्या आणि दवाखान्याचा जिना मिरवत उतरलो.