मनगटावरची चिकटपट्टी

वत्सला सिस्टर गेल्याचं मला सेनगावच्या माझ्या ओपीडीत कळलं. समोर खोकणारं लेकरू, टेबलावर फोन, आणि रुग्णालयाच्या जुन्या ग्रुपवर त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो. खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडले आणि पुढचा पेशंट आत घेतला. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्या माथी बसलेली एक चूक माझी होती, हे मी त्या असताना कुणालाच सांगितलं नाही...

दुसऱ्या लाटेत आम्हा इंटर्न मुलामुलींना जिल्ह्यातल्या एका कोविड वॉर्डात टाकलं. शिकणं तरी कसं म्हणावं त्याला? किट चढवलं की स्टेथोस्कोप कानात जायचा नाही, दोन-दोन हातमोज्यांतून नाडी लागायची नाही. एकही बाळंतपण न केलेले आम्ही मृत्यूचे दाखले मात्र सराईतपणे लिहू लागलो. मोठ्या डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आम्हाला शिकवलं ते वत्सला सिस्टरनी. तोंडाने फटकळ. सलाईन लावताना मी सुई मागे घेतली की म्हणायच्या, "काहून भिऊन राहिली? तूच भ्यायली तर त्यानं काय करावं?" नवा पेशंट आला की त्या पांढऱ्या चिकटपट्टीवर त्याचं नाव-गाव लिहून मनगटाला लावायच्या. फाइल खाटेलाच टांगलेली राहते, माणूस जागचा हलतो, असं त्यांचं म्हणणं. वाईट बातमीचा फोन करण्याआधी मनगट बघायचं, हा त्यांचा नियम होता.

त्या दुपारी सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. एका तासातला तो तिसरा मृत्यू होता. गॉगलवर वाफ धरलेली, आतून घामाच्या धारा. मी खाटेची फाइल उघडली, त्यातल्या नंबरवर साखरा गावी फोन लावला आणि सांगून मोकळी झाले. पलीकडून बाईचा हंबरडा ऐकू आला. थोड्या वेळाने नऊ नंबरच्या खाटेवरून एक माणूस ओरडला, "ओ मॅडम, मी मेलो म्हणून घरी रडून राहिले! मी हितं जिता हाय ना!" साखऱ्याचा माणूस तोच. सकाळी दोघांनी आपसांत खाटा बदलल्या होत्या, कारण चार्जिंगचा बोर्ड सात नंबरजवळ होता आणि गेलेल्या आजोबांना, हट्टा गावच्या, नातीशी बोलायचं होतं. त्यांचा फोन उशाशी चार्जिंगला तसाच लावलेला, वाजत होता. मनगटावर पट्टी होती, नाव होतं, खाली हट्टाही लिहिलेलं होतं. मी पाहिलंच नव्हतं.

सिस्टरनी मला दोन्ही घरी फोन करायला लावले. "ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं सांग," एवढंच म्हणाल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. हट्ट्याच्या आजोबांचा मुलगा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पण सकाळी तर बोलले की ओ आमच्यासंगं..."

साखऱ्याच्या लोकांनी तक्रार केली, चौकशी लागली. माझी इंटर्नशिप लांबणार, प्रमाणपत्र अडकणार, असं कानावर आलं. दुसऱ्या दिवशी कळलं, सिस्टरनी लेखी खुलासा दिलाय : पट्टी लावायची आपल्याकडून राहून गेली. मी धावत गेले, तर म्हणाल्या, "तुझं सगळं व्हायचं हाय, पोरी. गप बस." मी गप्प बसले. सुटल्यासारखं वाटलं मला; लिहितानाही लाज वाटते. आयुष्यात एक पट्टी न विसरलेली बाई निष्काळजी ठरली. वॉर्डाची इन्चार्ज दुसरीच कुणी झाली आणि सिस्टर होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांचे मिस्टर एसटीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मी चौकशीचा विषय काढताच त्यांनी आतून एक पिशवी आणली आणि त्या खुलाशाची प्रत माझ्या हातात दिली. सिस्टरचं टपोरं अक्षर, खाली सही.

"हे खोटं आहे, काका. चूक माझी होती. मी ऑफिसात लेखी देते, हा कागद तेवढा द्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"ती घरीच होती की," ते म्हणाले. "तुमचं सेनगाव हितून कितीसं लांब? तवा काहून न्हाई आल्या?"

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत परत ठेवला.

"न्हाई देत, मॅडम. तिच्या हातचं लिवलेलं घरात एवढंच हाय."