फ्रान्सहून आलेलं भरतकाम

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लग्न होऊन मी कुंडलहून साताऱ्यात आले आणि सुट्टी संपताच नवरा पलटणीत परत गेला. भाड्याच्या खोलीत मी एकटी. वेळ जावा म्हणून उशांचे अभ्रे भरायची. ते पाहून घरमालकीण मावशींनी एका दुपारी मला आत बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या, सुभेदाराच्या विधवा. त्यांनी ट्रंकेतून पुठ्ठ्याचा डबा काढला.

आत ताठ, जाळीदार कापड. त्यावर छापलेलं चित्र: विहीर, तीन बदकं, वर आभाळ. सोबत लोकरीच्या लडी आणि बोथट टोकाची सुई. माहितीचा कागद फ्रेंचमध्ये.

"पैल्या लढाईत आमचं मालक फ्रान्सात हुतं," मावशी म्हणाल्या. "तितल्या एका बाईनं माझ्यासाठी दिलं म्हणं."

"मग तुमी भरलं न्हाई?"

"कोण ती बाई, आन् मला कशापायी देती? राग धरला मी. जखमी हुतो तवा तिनं दूध पाजलं, म्हणून मालक सांगाय लागले, तर मी उठून गेले. तू भरशील?"

मी घाईनं फुलीचा टाका घेतला. एक बदक होईतो पांढरी लोकर निम्मी संपली. सगळं उसवावं लागलं. मग एकच तिरपा टाका घेऊन पाहिला, तर जाळी नीट भरली. मावशी शेजारी बसून उसवलेली लोकर गुंडाळायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून सुईच घेतली. विहिरीची एक कड त्यांनीच पुरी केली.

निळी लोकर कसरीनं खाल्ली होती. उरलेला तुकडा नमुन्याला आणि बाजारातली पांढरी लोकर घेऊन आम्ही गल्लीतल्या रंगारीचाचांकडे गेलो. त्यांनी तो उन्हात धरून बघितला.

"आवं मावशी, असाच निळा न्हाई जमायचा."

"जमंल तसा करा. आबाळ काय रोज एका रंगाचं असतंय व्हय?"

दिवाळीआधी काम पुरं झालं. मी चौकट करू म्हटलं, पण त्यांनी उशी शिवून घेतली आणि सुभेदारांच्या खुर्चीत ठेवली. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

"तिचं नाव काय हुतं, ते तरी इचारायचं हुतं गं मी," त्या म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठले.