चंदेरी की हिरवं

काकांचा उजवा पंजा वर गेला की समजायचं, आता "वाळू द्या" येणार. चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा तो पंजा वर जायचा आणि मागून शांतपणे शब्द यायचे, "वाळू द्या, ताई. घाई न्हाई." माझ्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांचं भांडण लागो, वीज जावो, नाहीतर माझा नवरा डबा विसरून जावो, काकांकडे सगळ्यावर हा एकच उतारा होता: ओला रंग वाळू द्यावा तशी वाट बघा.

साताऱ्यात आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काका-काकू राहायचे. काका मूळचे कवठे महांकाळच्या बाजूचे, तरुणपणी हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीला होते. काकू वाईच्या, नीटस बोलणाऱ्या. तुमच्याही इमारतीत असा एखादा निवृत्त फौजी असेल, जिन्यात गाठून लढाई ऐकवणारा. आमचे काका लढाईबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. ते फक्त रंग सांगायचे.

रंगाचं प्रकरण असं. एकाहत्तरच्या लढाईत काका आणि त्यांच्याच गावचा एक दोस्त, दोघे एकाच विमानावर कामाला होते. नॅट नावाचं ते बुटकं लढाऊ विमान. काका म्हणायचे, ते चंदेरी होतं. दोस्त म्हणायचा, हिरवं. तळावर कॅमेरा न्यायला बंदी होती, त्यामुळे फोटो नाही आणि निकाल नाही. वरच्या मजल्यावर रेंज येत नसे म्हणून दर रविवारी सकाळी काका माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून गावाला फोन लावायचे, आणि पुढचं सगळं अख्खी आळी ऐकायची.

"चंदेरी हुतं रं! ह्या हातानं पुसलंय म्या!"

पलीकडून काहीतरी यायचं.

"हिरवं तुझं डोस्कं!" असं म्हणून काका फोन खिशात कोंबायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "म्हातारा खुळा झालाय." पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

एका रविवारी मात्र भांडण झालंच नाही. काका फोन हातात धरून नुसते बसून राहिले. दोस्ताला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचाही भरवसा डॉक्टर देत नव्हते.

"ताई, त्याचं डोळं जायच्या आत त्याला दाखवायला पायजे," काका म्हणाले.

"डॉक्टरला? सांगलीत चांगले आहेत की."

"डॉक्टरला कशाला? चंदेरी दाखवायला पायजे!"

शहाण्या माणसाने दोस्ताला डोळ्यांचे थेंब पाठवले असते. काकांनी पुण्याच्या पुतण्याकडून प्लास्टिकच्या नॅटचा खोका मागवला. आत करड्या रंगाचे सुटे भाग, काही तर इतके बारीक की शिंकलं तर उडून जावेत. ते चिकटवायचे, रंगवायचे आणि विमान घेऊन जाऊन पन्नास वर्षांच्या भांडणाचा सोक्षमोक्ष लावायचा, असा बेत ठरला.

त्यानंतर काका माझं सगळ्यात संशयास्पद गिऱ्हाईक झाले. "ताई, सिरिंज द्या. सुई नको." ऐकणारी माणसं वळून बघायची. ती डिंकाचा थेंब सोडायला, हे त्यांना कुठं ठाऊक! मग कापसाच्या काड्या, चिमटा, हातात घालायचे रबरी मोजे. समोरच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, काकूंची तब्येत बरी आहे ना?

काकूंची तब्येत बरी होती, डोकं फिरलं होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर विमानाचा कारखाना उघडला होता आणि दोघं जमिनीवर बसून जेवत होती. मी गोळ्या द्यायला वर गेले तर काकू ताटलीतून काहीतरी वेचत होत्या.

"अहो, ही मोहरी नाही. पोह्यात तुमचं चाक आलंय."

काकांनी ते धुऊन घेतलं. उरलेले पोहेही संपवले.

विमान जुळलं लवकर, रंग मात्र सरेना. एक हात दिला की वाळू द्या. बोटाचा ठसा उमटला की घासा, पुन्हा हात द्या, पुन्हा वाळू द्या. गणपती बसले आणि गेले. मी तोंडावर सांगितलं, "काका, तिकडं डोळे थांबणार नाहीत तुमच्या रंगासाठी."

पंजा वर गेला. "घाईनं दिल्याला रंग पोपडं धरतो, ताई."

खंडेनवमीला सकाळी शेवटचा हात देऊन काका झेंडू आणायला गेले. इकडे काकूंनी पूजा मांडली. पाटावर विळी, सुऱ्या, कात्री, काकांचे नट आवळायचे पाने, मिक्सर. मग त्यांच्या मनात आलं, घरात खरंखुरं लढाईचं हत्यार एकच आहे आणि तेच राहिलं की! त्यांनी भक्तिभावाने विमान पाटावर ठेवलं, नाकाला हळदकुंकू लावलं आणि पंखांवर अक्षता टाकल्या.

काकांचा ओरडा मला खाली दुकानात ऐकू आला. मी धावत वर गेले. ओल्या चंदेरी रंगात तांदूळ रुतून बसले होते.

"वल्ला रंग हुता गं!"

"मग तुम्हीच म्हणता ना," काकू शांतपणे म्हणाल्या, "वाळू द्या."

काकांनी झेंडूची पिशवी खाली ठेवली. चिमट्याने तांदूळ निघाले, कुंकू काही निघेना. काका सगळं खरवडून पुन्हा रंगवायच्या गोष्टी करू लागले. दोन दिवसांनी मी माझ्या नणंदेकडे सांगलीला गाडी घेऊन निघणार होते. म्हटलं, चला, तशीच पुढे तुमच्या गावाला नेते.

"आसल्या कुंकवासकट? हसंल त्यो मला."

"हसू दे."

सातारा ते मिरज खोका मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला काका खोका छातीशी धरायचे आणि "सावकाश, सावकाश" म्हणायचे. टोलनाक्यावरच्या माणसाने डोकावून विचारलं, "काका, काय हाय खोक्यात?" काकांनी सरळ सांगितलं, "फायटर." त्याने आम्हाला जरा बाजूला घेतलं. उघडून दाखवल्यावर तोच मोबाईलवर फोटो काढत बसला. मिरज सोडल्यावर काका बोलायचे थांबले. ओठ तेवढे हलत होते. जिंकल्यावर काय बोलायचं, त्याची तयारी चालली असावी.

दोस्त अंगणात खाटेवर बसला होता. गाडी थांबली तसा त्याने चेहरा वळवला, पण आमच्याकडे नव्हे, आवाजाकडे. त्याची सून पुढे येऊन हळूच म्हणाली, "पितरांपासनं कायबी दिसंना झालंय. फोनवर सांगू नका म्हनालं."

काका खोका धरून तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते खाटेवर टेकले आणि विमान काढून दोस्ताच्या हातात दिलं.

म्हाताऱ्याची बोटं शेपटीवरून पंखांवर गेली, पंखांवरून नाकावर. "आरं गड्या, हे तर आपलं नॅट! आन् हितं खरबरीत काय लागतंय?"

"कुंकू. हिनं पूजा केली. वल्ल्या रंगावर."

म्हातारा खोकला येईस्तोवर हसला. मग थांबून म्हणाला, "रंग कंचा दिलास?"

विमान उन्हात लखलखत होतं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, दोस्ताकडे पाहिलं.

"हिरवा," काका म्हणाले. "तुझंच खरं हुतं."

"आता कसं!" म्हातारा म्हणाला आणि विमान मांडीवर ठेवून त्याने त्यावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर कऱ्हाड आलं तरी काका रिकामा खोका मांडीवर धरून होते. मला त्या माणसाबद्दल माया दाटून आली. शेवटी म्हटलं, "वाळू द्या, काका." त्यांचा पंजा सवयीने वर गेला आणि डोळ्यांशी थांबला.

या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी चहा मागितला, तो येईपर्यंत संपलं होतं. तेराव्यानंतर काकूंनी त्यांचा फोन माझ्याकडे आणून दिला. म्हणाल्या, रविवारी वाजतो, माझ्याच्यानं घेववत नाही.

रविवारी तो वाजला. मी बाकावर बसून घेतला. पलीकडे काकांचे दोस्त, आबा; काका गेल्याचं त्यांना कळलं होतं, माझा आवाज ओळखून म्हणाले,

"ताई, खरं सांगा. विमान चंदेरी हाय न्हवं?"

"हिरवं आहे, आबा," मी म्हणाले.

ते हसले. "जलमात हार मानली न्हाई त्यानं. हिरवं म्हनला तवाच वळाकलं, चंदेरी दिलंय. आन् आमचं विमान चंदेरीच हुतं. मला म्हायती हाय की."

"मग इतकी वर्षं भांडलात कशाला?"

"न्हाईतर दर ऐतवारी त्यानं फोन केला आसता व्हय?"

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकान जरा उशिरा उघडलं.

पुढच्या रविवारी मीच नंबर लावला.

"आबा, मी सगळ्यांना विचारलं. ते विमान हिरवंच होतं."

पलीकडे खाट करकरली. मग आवाज असा चढला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"कोन म्हनतं हिरवं? चंदेरी हुतं, चंदेरी! ह्या हातानं पुसलंय म्या!"