नागपुरात जेवायचं कुठे

सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली भगवंतराव अर्ज लिहीत. अक्षर बरं, कायद्याचं ज्ञान बेताचं. पण त्यांच्याकडे माणसं येत ती वेगळ्याच कामाला. तेव्हा या भागाची राजधानी नागपूर. जमिनीचा, बदलीचा, पेन्शनचा कागद अडला की माणूस नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरला निघे, आणि निघण्याआधी भगवंतरावांना विचारून जाई, की जेवायचं कुठे.

या बाबतीत मात्र त्यांचा शब्द वकिलापेक्षा वरचढ. आधी माणूस न्याहाळणार, पोटाची चौकशी करणार, मग निकाल देणार. बोरगावचा तिखट पचवणारा गडी असेल तर इतवारीत कोष्ट्यांच्या गल्लीत सावजी मटण. पोट नाजूक असेल तर धंतोलीतल्या एका बाईंची खानावळ, तिथे वरणावर तूप सोडताना हात आखडत नाहीत. मास्तर लोकांना सीताबर्डीवर मद्राशाचा डोसा, कारण मास्तरांना परत आल्यावर काहीतरी नवं सांगायचं असतं.

हे ज्ञान भगवंतरावांनी स्वतः जेवून मिळवलं होतं, आणि ते एकाच व्यक्तीपासून लपवलं होतं. ती म्हणजे त्यांची बायको अंबाबाई. आपला नवरा शिदोरीखेरीज परगावी काही तोंडात घालत नाही, अशी अंबाबाईंची पक्की समजूत होती. दर महिन्याला नवरा कुणाचं तरी काम घेऊन नागपूरला निघाला की त्या भल्या पहाटे उठून भाकऱ्या थापत. परत आल्यावर विचारत, पुरलं का? तिला बरं वाटावं म्हणून भगवंतराव एकदा म्हणून गेले, जरा कमीच पडलं. झालं. चार भाकऱ्यांच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ. तेवीस वर्षांत गाठोडं एवढं फुगलं की गाडीतले परके लोक त्यांना कापडवाला समजत. खरं सांगावं असं त्यांना दर महिन्याला वाटे. पण तिचं मन मोडेल, या भीतीने जीभ रेटत नसे.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं आणि राजधानी उठून भोपाळला गेली. लोक म्हणाले, सरकार गेलं. भगवंतरावांना वाटलं, सगळी जेवणं गेली.

आठ दिवसांनी नत्थूजी ओसरीवर आले. त्यांची संत्र्याची बाग होती आणि तिच्या हद्दीचा कागद आता भोपाळला गेला होता. भोपाळात जेवायचं कुठे, हे त्यांना हवं होतं. भगवंतरावांनी भोपाळ पाहिलेलं नव्हतं. ते खाकरले, आणि तिथलं आपल्याला काही ठाऊक नाही म्हणाले. अंबाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"असं कसं म्हणता भाऊ," नत्थूजी म्हणाले, "नागपूरचं तर तुमाले सारं पाठ हाय. सावजीकडे तुमीच तर मले संग घेऊन गेले होते."

भगवंतरावांनी डोळ्यांनी खूण केली. नत्थूजींना वाटलं, आणखी आठवण काढ म्हणतात. मग त्यांनी धंतोलीचं तूप काढलं, सीताबर्डीचा डोसा काढला, आणि एका बैठकीत भगवंतरावांनी तीन वाट्या रस्सा कसा ओरपला, तेही सांगून टाकलं. चहा पिऊन ते समाधानाने गेले.

अंबाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग मी बांधून देत होती, ते कोन खाये?"

इतवारी स्टेशनावर भिवाजी नावाचा हमाल आहे, त्याला देत होतो, असं भगवंतरावांनी खाली मान घालून सांगितलं.

"त्याले आवडे काय?"

"गाडीची वाट पाहत राहे."

अंबाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर भगवंतरावांना सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याले जेवाची जागा सांगता. मले एक डाव तरी न्या."

पुढच्याच रविवारी भगवंतराव त्यांना नागपूरला घेऊन गेले, आणि आपल्या मते सगळ्यांत उत्तम जागी, सावजीकडेच नेलं. सावजीच्या घरातच पाट मांडलेले. दोन ताटं एकदमच आली. नवऱ्याचं होईपर्यंत अंबाबाई हात लावीनात. वाढणाऱ्या बाईने दटावलं तेव्हा कुठे त्यांनी घास घेतला, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

"मले तिखट सोसत नाही," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लहानपणापासून. घरी तुमचं जेवन झालं का मी माह्या रश्श्यात पानी टाकतो."

भगवंतरावांचा घास हातातच राहिला. घरात ते आधी जेवत, ती मागून, चुलीपाशी. तेवीस वर्षांत तिला जेवताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मंग तुले काय आवडते?" त्यांनी विचारलं.

अंबाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, "आठवून राहिली."