दार उघडायची घाई

देवमन आणि प्रसेनजित हे सख्खे भाऊ मेडशीजवळच्या एका धान्याच्या गोदामात हमाली करायचे. देवमन थोरला, बोलायला कमी. प्रसेनजित बराच लहान; पाठीवर पोतं असलं तरी त्याच्या तोंडाला खळ नसायची. आईबाप गेल्यावर देवमननंच त्याला वाढवलं, पल्लवीशी लग्न लावून दिलं आणि गोदामावर कामालाही त्यानंच लावलं.

मालक दौलतराव माणूस तसा वाईट नव्हता. सणाला हमालांना कपडा करायचा, कोणी आजारी पडला तर विचारपूस करायचा. पण कोणत्या औषधानं काय होतं, आत शिरताना तोंडाला काय लावायचं, हे हमालांना सांगणं त्याला मोठ्या कारखान्यांचे नखरे वाटायचे.

त्या वर्षी साठवलेल्या तुरीला कीड लागली. थप्प्यांवर ताडपत्र्या टाकून आत विषारी वायू सोडणाऱ्या सल्फासच्या गोळ्या ठेवल्या. गोळ्या ठेवणारा माणूस जाताना बजावून गेला, की आठवडाभर दार उघडायचं नाही, आणि उघडल्यावरही दिवसभर हवा खेळू द्यायची. पण दोन दिवसांतच माल न्यायला ट्रक येऊन उभा राहिला.

"मालक, गोळ्या हायेत ना अंदर?" देवमननं विचारलं.

"अरे, गोळ्या किड्यायसाठी असतात. दुपट्टे बांधा तोंडाले, अन् लागा कामाले. ट्रक किती येळ उभा ठेवू?"

दार उघडलं तसा लसणासारखा वास आला. "कोन फोडनी देऊन राह्यलं बे अंदर?" प्रसेनजित म्हणाला आणि सगळे हसले. ताडपत्र्या ओढायला तोच सगळ्यात आत गेला.

दुपारपर्यंत तिघाचौघांना उलट्या झाल्या. देवमनची छाती आवळून आली. म्हातारा उकंडराव, हमालांचा मुकादम, म्हणाला ऊन लागलं असेल. प्रसेनजित पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. त्याचे हात गार पडले होते आणि तो काहीच बोलत नव्हता. ते पाहून देवमन घाबरला. मिळेल त्या गाडीत घालून त्यानं भावाला वाशिमच्या दवाखान्यात नेलं.

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"सल्फास, साहेब..."

"किती गोळ्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या नाई साहेब, गोदामात वास..."

तोवर डॉक्टर नर्सकडे वळला होता. त्या भागात सल्फास म्हटलं की एकच अर्थ निघायचा. दिवस मावळायच्या आत प्रसेनजित गेला, आणि त्यानं विष घेतलं अशी नोंद झाली.

दौलतराव अंत्यविधीला आला, देवमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरात काही झालं असंल. मानसाच्या मनातलं कोनाले समजते?"

देवमनला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला, पण अंगात त्राण नव्हतं.

भेटायला येणाऱ्या बाया पल्लवीला हळूच विचारायच्या, भांडण झालं होतं का? सुरुवातीला ती सांगत राहिली, नाही, हसत डबा घेऊन गेले होते. मग तिनं बोलणंच सोडलं. एके दिवशी देवमनसमोर मात्र तिचा बांध फुटला.

"दादा, मी त्यायले असं काय बोलली म्हनून त्यायनं जहर खाल्लं, हे लोकं मले विचारून राह्यले. तुमी तं होते ना तिथं!"

देवमन त्याच पावली उकंडरावाकडे गेला. पोलिसांना खरं सांग म्हणून त्याला विनवलं.

"देवमन, गेलेला वापस येत नाई," उकंडराव म्हणाला. "आमच्या पोटावर कायले पाय देतं?"

"तुले बी उलट्या झाल्या, मले बी झाल्या. आपुन साऱ्यायनं गोळ्या खाल्ल्या होत्या काय, उकंडदादा?"

म्हातारा आत निघून गेला. पण पुढच्या बाजारच्या दिवशी तो स्वतःच ठाण्यात आला आणि जे झालं ते त्यानं सांगितलं. त्याच्यामागून बाकीचेही आले.

शवविच्छेदनातल्या नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल यायला बरेच महिने गेले. पोटात गोळीचा अंश नव्हता. कागदावरून आत्महत्या गेली. दौलतरावावर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला, आणि गोदाम पुन्हा सुरू झालं. गावातल्या काही तोंडांतून मात्र ती आत्महत्या अजून गेलेली नाही.

देवमनला आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. हमाली सुटली. तो शेतांवर राखणीला जातो. पल्लवी सोयाबीन सोंगायला, कापणीच्या मजुरीवर जाते.

यंदा गोदामात पुन्हा गोळ्या ठेवल्या. मुदतीआधी ट्रक आला, दौलतरावानं दार उघडायला सांगितलं. उकंडराव आणि बाकीचे हमाल बाहेर लिंबाखाली बसले ते उठलेच नाहीत. ट्रक रिकामा परत गेला.

देवमननं घरी येऊन हे पल्लवीला सांगितलं. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं.

ती भाकर थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मंग त्या दिशी काहून नाई बसले?"

देवमन ताटावर बसून राहिला.