पेढा, बर्फी आणि वरच्या मजल्यावरची मुलगी

आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती मुलगी सुईण व्हायचं शिकते आहे, तेही कॉलेजात, चार वर्षांची डिग्री. "सुईणीला डिग्री कशाला लागते गं?" असं कुणी विचारलं, की ती हसून म्हणते, "बिल्कुल लागते काकू. फक्त बाळाला लागत नाही."

सरावासाठी तिच्या बॅगेत कापडी नाळ लावलेली एक बाहुली असते. एकदा मेट्रोच्या तपासणीत जवानाने ती पायाला धरून बाहेर काढली, तर ही सगळ्या रांगेसमोर ओरडली, "भैया, गर्दन सँभालके!" त्या बिचाऱ्याने बाहुली दोन्ही हातांवर घेऊन अलगद परत दिली.

माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला वाट्या मांडायचं काम मी या वरच्या मुलीकडे दिलं. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी सुनेने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. "पेढाच निघणार," असं नोएडाच्या माझ्या नणंदबाई सकाळपासून बजावत होत्या. सुनेचा चेहरा पार उतरला होता.

तिने भीत भीत एक वाटी उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी.

सगळ्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिचे दोन्ही गाल फुगले होते.

"अगं, आता कळणार कसं?" नणंदबाई कडाडल्या.

तिने सावकाश घास गिळला.

"दोन्ही सारखेच गोड होते, काकू."